लोणारच्या काठावर ऊर्जेचा हिशेब

लोणारला आता समृद्धी महामार्गाने लवकर पोहोचता येते. मी मात्र जुना रस्ता धरला: जालना, सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी आणि सुलतानपूरहून उजवीकडे वळून लोणार. विवर पाहण्याआधी मला ते ज्या कातळात झाले तो कातळ पाहायचा होता, आणि तो या रस्त्याने सतत सोबत करतो. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी, लखुजी जाधवांच्या वाड्याच्या भव्य दरवाजापुढे थोडा वेळ थांबलो. तिथून पुढे दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. माती काळी, पण फार खोल नाही. विहीर खणायला घेतली की दोन-तीन परसांवर पाषाण लागतोच.

बिबीच्या अलीकडे एका शेतात असेच विहिरीचे काम चालू होते. वरची माती आणि मुरूम काढून झाला होता, खाली काळा दगड उघडा पडला होता. ट्रॅक्टरला जोडलेल्या कंप्रेसरवर छिद्रे पाडून झाली होती आणि यारीची बकेट वर ओढून ठेवली होती. आत उतरलेला माणूस एकेका छिद्रात जिलेटीनच्या कांड्या सोडत होता, वरून बारीक मुरूम ठासत होता, मग वायरी एकमेकींना जोडत होता. मी बांधावर उभा राहिलेला पाहून शेतकऱ्याने हाक दिली, “भाऊ, गाडी तिकडं लांब लिंबाखाली घ्या. बार व्हायचा हाय आता.”

मी अर्धा किलोमीटर मागे गेलो आणि विहिरीवर नजर ठेवून उभा राहिलो. आधी तोंडातून करड्या धुळीचा लोट वर आला. जवळजवळ त्याच क्षणी तळपायांना खालून धक्का बसला. धूळ माणसाच्या दुप्पट उंच गेली तरी अजून आवाज नव्हता. मग धडाका झाला आणि लिंबावरचे कावळे उडाले. नंतर थोडा वेळ बारीक खडी पडल्याचा आवाज येत राहिला.

हा क्रम समजला तर स्फोटाचे अर्धे शास्त्र समजते. धूळ दिसते ती प्रकाशाने, त्याला काही वेळ लागत नाही. पायाला बसलेला धक्का बसाल्ट कातळातून आला. त्यात कंपने सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावतात, म्हणून अर्धा किलोमीटर कापायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरने येतो, तो दीड सेकंदाने पोहोचला. एकाच बाराची ऊर्जा अशी वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडली. थोडी दगड फोडण्यात गेली, थोडी फुटलेला दगड वर फेकण्यात, थोडी जमिनीच्या आणि हवेच्या कंपनांत, आणि उरलेली खडक व वायू तापवण्यात. शेतकऱ्याला हवी होती ती फक्त दगड फोडणारी. बाकीच्या वाटा त्याला नको असल्या तरी बंद करता येत नाहीत. खडीच्या खाणीत छिद्रांची खोली, अंतर आणि बारांमधले मिलिसेकंद मोजूनमापून ठरवतात ते यासाठीच. तिथला सारा हिशेब हाच असतो, की कांडीतली जास्तीत जास्त ऊर्जा दगडात जावी आणि कमीत कमी शेजारच्या घरांच्या भिंतींत.

आणि कांडीत ऊर्जा असते तरी किती? स्फोटांची तुलना करताना टीएनटी हे माप धरतात. १ किलो टीएनटी म्हणजे १००० किलोकॅलरी, किंवा सुमारे ४२ लाख जूल, असे ठरलेले आहे. आता १ किलो ज्वारीचे पीठ घ्या. त्यात सुमारे ३५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या घरातल्या डब्यातल्या पिठात वजनास वजन टीएनटीच्या साडेतीनपट ऊर्जा आहे. भाकरी खाऊन आपण ती दिवसभरात, श्वासाने घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने, हळूहळू वापरतो. टीएनटीला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही, कारण लागणारा प्राणवायू त्याच्या रेणूतच बांधलेला असतो. स्फोटाची लाट त्यातून सेकंदाला सुमारे ६९०० मीटरने धावते. कांडीएवढ्या लांबीचा घनपदार्थ सेकंदाच्या काही हजाराव्या भागांच्याही आत तप्त वायू होऊन बसतो, आणि त्या वायूला तेवढ्या जागेत मावणे शक्य नसते. स्फोटाचे स्फोटपण ऊर्जेच्या साठ्यात नसते, ती किती वेळात रूप बदलते त्यात असते.

लोणारच्या वाटेवर हे ध्यानात ठेवणे महत्त्वाचे. कारण तिथे जो स्फोट झाला त्यात दारू नव्हती, वायू नव्हता, जळण्यासारखे काहीच नव्हते. होती ती केवळ गती.

सुलतानपूरहून वळल्यावर रस्ता सपाट पठारावरून जातो. लोणार गाव लागते, बाजार, एसटी स्टँड, घरे. विवर कुठे दिसत नाही. गावाबाहेर पडल्यावर रस्ता किंचित चढू लागतो आणि चढ संपतो तिथे एकदम समोर जमीनच नसते. पहिल्यांदा येणारा त्या दृश्याने थबकतो आणि तो चढ विसरतो. मी सांगेन, चढ विसरू नका. तो नैसर्गिक टेकडीचा चढ नाही. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच असलेला हा कडा म्हणजे विवरातून उचलला गेलेला आणि बाहेर फेकला गेलेला खडक आहे. विवराच्या हिशेबाची पहिली नोंद तुम्ही गाडीत बसूनच ओलांडलेली असते.

काठावर उभे राहून पाहिले तर वाडगा जवळजवळ गोल दिसतो. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठापासून पाण्यापर्यंत सुमारे १४० मीटर खोल. तळाशी हिरवट पाणी, त्याभोवती बाभळींचे दाट कडे, आणि वर चढत गेलेली उतारावरची झाडी. पलीकडच्या भिंतीवर नीट पाहिले तर कातळाचे आडवे थर मोजता येतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे पूर एकावर एक पसरले, त्यांतले हे थर. विवर मात्र त्या मानाने अगदी अलीकडचे. काचेच्या कणांच्या एका पद्धतीने केलेल्या मापनात वय सुमारे ५२ हजार वर्षे आले, आणि नंतर अर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन्हींत मोठा फरक आहे, तरी लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे उलटल्यावर हे विवर झाले, याबद्दल दोन्ही एकमताने बोलतात.

गावातल्या दैत्यसूदन मंदिराची कथा विवराचा उगम सांगते. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहत होता, विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या बिळाचे झाकण पायाने उडवले आणि त्याला ठार केले. मंदिराच्या बाह्यभिंतींवरची शिल्पे पाहायला अर्धा दिवस द्यावा, इतके ते काम सुंदर आहे. कथेतली एक गोष्ट मला विशेष वाटते: हा खड्डा शांतपणे खचून झालेला नाही, काहीतरी जोराने उडाले आहे, हे कथा रचणाऱ्यांना जाणवले होते.

इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक भूवैज्ञानिक हे ज्वालामुखीचे काम मानत राहिले. भोवती सगळीकडे ज्वालामुखीचाच खडक असल्यावर तसे वाटणे स्वाभाविक होते. कोडे खऱ्या अर्थाने सुटायला ऊर्जेचा विचार करावा लागला, आणि तो विचार पहिल्यांदा झाला तो अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, लोणारच्या धाकट्या भावंडाशेजारी.

तिथे १.२ किलोमीटर व्यासाचे असेच विवर आहे आणि त्याभोवती लोखंडी अशनीचे तुकडे विखुरलेले सापडत होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या थोर भूवैज्ञानिकाने १८९१ मध्ये ते तपासले. त्याचा तर्क सरळ होता. आकाशातून लोखंडाचा प्रचंड गोळा पडून हा खड्डा झाला असेल तर तो गोळा खाली पुरलेला असला पाहिजे. मग होकायंत्राची सुई त्याकडे वळेल, आणि काठावर फेकलेला खडक खड्ड्यात परत भरला तर गोळ्याने अडवलेल्या जागेएवढा तो जास्त भरेल. सुई वळली नाही आणि घनफळेही जुळली. म्हणून गिल्बर्टने हा वाफेचा स्फोट ठरवला. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्याने साम्य म्हणून लोणारचाही उल्लेख केला. पुढे डॅनिएल बॅरिंजर हा खाण उद्योजक त्याच विवराखाली लोखंड आहे अशा खात्रीने १९०३ पासून पाव शतकाहून अधिक काळ खणत राहिला. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट मोल्टन याने गणित मांडून सांगितले की एवढ्या वेगाने आलेला पिंड शाबूत राहणारच नाही, त्याची गतीच त्याची वाफ करील. खाली खणण्यासारखे काही नाही. बॅरिंजर त्याच वर्षी वारला.

गोळा गेला कुठे, या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या एका नियमात आहे. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्ट होत नाही, तिचे केवळ रूपांतर होते. १८४० च्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी तो वेगवेगळ्या मार्गांनी उभा केला. त्यांतला जूलचा प्रयोग लोणारच्या काठावर आठवायलाच हवा. त्याने वजने खाली सोडली, त्यांच्या पडण्याने पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापले ते मोजले. पडण्याची ऊर्जा उष्णतेत उतरते आणि दरवेळी ठरलेल्या प्रमाणात उतरते, हे त्याने दाखवले. १ किलो पाणी १ अंशाने तापवायचे तर १ किलो वजन सुमारे ४२७ मीटर पडावे लागते.

आता वजन टेबलाच्या उंचीवरून न सोडता अवकाशातून सोडा. फार दूरवरून केवळ पृथ्वीच्या ओढीने आलेला कोणताही पिंड जमिनीशी सेकंदाला निदान ११.२ किलोमीटर वेगाने पोहोचतो. हवेने त्याला फारसे अडवले नाही तर त्याच्या दर किलोमागे ६ कोटी २७ लाख जूल ऊर्जा असते, म्हणजे टीएनटीच्या पंधरापट. लघुग्रह सूर्याभोवती स्वतःच्या वेगाने फिरत असल्यामुळे प्रत्यक्षात आदळण्याचा वेग सेकंदाला १७ ते २० किलोमीटरच्या आसपास असतो. १८ किलोमीटर धरला तर किलोमागे १६ कोटी २० लाख जूल, टीएनटीच्या जवळपास चाळीसपट. १ किलो खडकाची वाफ करायला साधारण १ ते दीड कोटी जूल पुरतात. म्हणजे दगड स्वतःची दहा वेळा वाफ होईल इतकी ऊर्जा केवळ आपल्या गतीत घेऊन येत होता. तो थांबला त्या क्षणी ती सगळी कुठेतरी जाणे भाग होते. लोणार हा जूलचाच प्रयोग आहे, निसर्गाने फार मोठ्या मापावर केलेला.

उदाहरण म्हणून ६० मीटर व्यासाचा खडकाळ पिंड घेऊ. वजन जवळपास ४ लाख टन. १८ किलोमीटर वेगाने त्याची गतिज ऊर्जा होते सुमारे १५ मेगाटन टीएनटीएवढी. हिरोशिमावरचा बॉम्ब १५ किलोटनांच्या आसपासचा होता, म्हणजे ही हजारपट. आपल्याला परिचित मापात सांगायचे तर कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची सारी जनित्रे, १९६० मेगावॉट, पूर्ण क्षमतेने रात्रंदिवस वर्षभर चालवली तर जेवढी वीज होईल तेवढी. आणि तो पिंड स्वतःच्या लांबीएवढे अंतर कापतो सेकंदाच्या तीनशेव्या भागात. वर्षभराची कोयना डोळ्याची पापणी लवायच्या आत जमिनीला दिली तर काय होईल, याचे उत्तर समोर पसरलेले असते.

खाली उतरायला गावाकडच्या बाजूने, गोमुखाच्या धारेपासून पायवाट आहे. सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा, कारण कुठला दगड कुठे पाहायचा हे त्यालाच ठाऊक असते. काठाच्या वरच्या भागात मी त्याला थांबवले आणि कातळाच्या थरांकडे पाहत राहिलो. दख्खनचे थर एरवी जवळजवळ आडवे असतात, सह्याद्रीत कुठेही पाहा. इथे ते विवरापासून बाहेरच्या दिशेने कलले आहेत. आतून वर रेटल्यासारखे. आणि काठाच्या माथ्यावर काही ठिकाणी वरचा थर उलटा होऊन बाहेर पालथा पडला आहे. नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकेने जमिनीत उथळ पुरून केलेल्या अणुस्फोटांच्या विवरांना असाच उलटलेला काठ होता. युजीन शूमेकर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती विवरे आणि ॲरिझोनाचे विवर शेजारी ठेवून अभ्यासली, तेव्हा दोन्हींची घडण एकसारखी निघाली. ऊर्जा अणुगर्भातून आली की अवकाशातल्या गतीतून, हे जमिनीला कळत नाही. किती आली, किती खोलवर आली आणि किती थोड्या वेळात आली, एवढेच तिला जाणवते.

थरांच्या खाली उतारावर मोठमोठे धोंडे आणि चुरा एकत्र जमून घट्ट झालेला खडक दिसतो. हाताने चाचपला तर त्यात बोटाएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत सर्व आकारांचे तुकडे, धारदार कडांचे. नदीच्या गोट्यांसारखे गोल झालेले नाहीत. फोडणे आणि चुरणे यांत गेलेली ऊर्जा ती ही. तळ्याच्या गाळाखाली असा चुरडलेला खडक आणखी खोलवर आहे, हे तिथे घेतलेल्या बोअरमधून कळले.

हे सगळे खणून उडवायला किती खर्च आला असेल? ढोबळ गणित काठावर बसूनही करता येते. आज दिसणाऱ्या वाडग्याचे घनफळ धरले तर सुमारे ५० कोटी टन खडक तिथून हलला. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या पिंडाच्या हजारपटीहून जास्त. एवढासा दगड आणि एवढा मोठा खड्डा कसा, असे प्रत्येक जण विचारतो. खड्डा दगडाच्या आकाराने होत नाही, त्याच्या ऊर्जेने होतो, हे त्याचे उत्तर. तो ५० कोटी टन खडक सरासरी १०० मीटर उचलला असे मानले तर त्याला लागली कोयनेची फक्त तीन दिवसांची वीज. वर्षातले तीन दिवस, शंभरातला एक भागही नाही! मग बाकीची गेली कुठे?

ती बहुतेक उष्णतेत गेली, आणि त्याची खूण काठाबाहेरच्या चुऱ्यात सापडते. वाटाड्याने एका घळीपाशी वाकून काळा, हलका, बारीक छिद्रांचा एक तुकडा दाखवला. तळहातावर घेतला तर साध्या बसाल्टपेक्षा स्पष्ट हलका. फुटलेल्या बाजूवर ऊन पडले की काचेसारखी चमक. हा वितळलेला आणि उडता उडता झटकन थिजलेला दगड. बसाल्ट वितळायला ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते. इथे शेवटचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे झालेली होती, ती उष्णता दुसरीकडून कुठून आली असती? तुकडा पाहून झाल्यावर आम्ही तो होता तिथेच परत ठेवला. बाजरीच्या दाण्याहून बारीक अशा काचेच्या गोळ्याही या चुऱ्यात सापडतात. चंद्रावरून आणलेल्या मातीत तशाच गोळ्या आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळ यांचा अभ्यास करणाऱ्यांना बसाल्टमधले हे विवर फार मोलाचे वाटते.

शेवटचा पुरावा साध्या डोळ्यांना दिसत नाही. बसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे स्फटिक असतात. त्यांच्यावर सुमारे ३ लाख वातावरणांएवढा दाब एका झटक्यात आला तर त्यांची आतली रचना कोसळते आणि न वितळताच त्यांची काच होते. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत ती प्रथम ओळखली गेली. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिकसन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी लोणारच्या बोअरमधल्या खडकांत ती सापडल्याचे प्रसिद्ध केले, आणि वाद मिटला. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण असा दाब असू शकत नाही. तो फक्त आघाताच्या लाटेत असतो. गतीचे उष्णतेत रूपांतर होताना मधे ही दाबाची लाट असते. ती खडकातून जाते, त्याला आवळते आणि पुढे सरकल्यावर तापलेला सोडते.

पायवाट सुरू होते त्या गोमुखाच्या धारेपाशी पाणी बारमाही वाहते. लोक श्रद्धेने स्नान करतात, बाया कळशा भरून नेतात. तिथून ते पाणी झाडीतून शंभरेक मीटर खाली तळ्याकडे उतरते. जूलच्या मापाने पाहिले तर एवढ्या उताराने पाणी जेमतेम पाव अंश तापेल. पण हा उतार कोणी दिला? पाऊस पठारावर आणून टाकतो सूर्य, आणि त्याला धावायला खोली दिली ती त्या एका आघाताने. दोन वेगळ्या काळांची ऊर्जा त्या ओहोळात एकत्र काम करते.

तळाशी पोहोचल्यावर हवा बदलते. वारा पडतो, उकडते, आणि पाण्याजवळ कुजल्यासारखा उग्र वास येतो. पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे. वाटाड्या हळदीचे बोट पाण्यात बुडवून ते लाल झालेले दाखवतो. या क्षारांचा साबण आणि काच यांसाठी पूर्वी व्यापार होत असे, ‘ऐन-ए-अकबरी’तही या जागेची नोंद आहे. २०२० च्या जूनमध्ये सारे तळे गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. क्षार वाढल्यामुळे फोफावलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे होते. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. काठाशी कमळजा देवीचे मंदिर आहे, नवरात्रात तिथे यात्रा भरते. मंदिराच्या ओट्यावर बसून वर पाहिले की चहूबाजूंनी कडा दिसतो आणि आपण नेमके कुठे बसलो आहोत ते उमगते.

तिथे बसून मी चेल्याबिन्स्कचा विचार करत होतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या त्या शहरावर सुमारे २० मीटरचा पिंड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला. तो अखंड जमिनीपर्यंत आलाच नाही. ३० किलोमीटरच्या आसपास उंचीवर हवेतच फुटला आणि ४००-५०० किलोटनांची ऊर्जा वातावरणाला देऊन संपला. खाली दाबाची लाट पोहोचली, खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सुमारे १५०० लोक जखमी झाले. त्यात एक शिकण्यासारखे आहे. तेजाचा लोळ आधी दिसतो, लाट एक-दोन मिनिटांनी येते. लखकन प्रकाश पाहून लोक खिडकीपाशी धावले आणि काचा त्यांच्या अंगावर आल्या. विहिरीच्या बाराचा क्रम ज्याने पायांनी आणि कानांनी अनुभवला आहे तो असा प्रकाश दिसताच खिडकीपासून दूर होईल.

लोणारची ती ऊर्जा आता कुठे आहे? पहिल्या काही क्षणांत तिचा काही भाग प्रकाश आणि तप्त वायू होऊन आकाशात गेला, काही भाग भूकंपाच्या लाटा होऊन दख्खनभर पसरत विरला. खडकात साठलेली उष्णता तळाशी शिरलेल्या पाण्याने आणि वरच्या हवेने हळूहळू काढून घेतली, आणि शेवटी पृथ्वीने ती अवकाशात सोडली. तिचा एकही जूल नाहीसा झालेला नाही. पण ती इतकी पातळ पसरली आहे की तिच्याकडून आता कोणतेही काम होणार नाही. ऊर्जा टिकते, तिचे काम करण्याचे बळ टिकत नाही. स्फोटात हे दोन्ही नियम एकदम दिसतात: हिशेब पै-पैचा जुळतो, आणि तरी उलट फिरता येत नाही. चुरा पुन्हा जुळून कातळ होत नाही.

म्हणूनच इथला चुरा जपला पाहिजे. पर्यटक तळे पाहतात, आणि तळ्याची काळजी घेण्याविषयी थोडेफार बोलले जाते. काठाबाहेरचे दगडगोटे मात्र कोणाला मोलाचे वाटत नाहीत. विवरातून उडून आलेल्या खडकाची चादर काठापासून बाहेर दीडेक किलोमीटरपर्यंत पसरली आहे. तिच्यावर घरे आहेत, शेते आहेत, रस्ते आहेत. पायासाठी खणताना, रस्त्याला मुरूम काढताना, नांगरताना ती रोज थोडी थोडी पुसली जाते. आठवण म्हणून काचेचा तुकडा खिशात घालणारेही कमी नाहीत. मंदिराचे शिल्प फुटले तर आपल्याला हळहळ वाटते. हा चुरा तितकाच पुन्हा न घडणारा आहे, आणि बसाल्टमध्ये इतके सुस्थितीतले विवर पृथ्वीवर फार क्वचित सापडते.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. पहिल्या सकाळी काठावरून चालावे, दुसऱ्या दिवशी खाली उतरावे, आणि गावातले दैत्यसूदन मंदिर व विवराच्या उत्तरेकडचे अंबर तळे राखून ठेवावे. शाळांनी नववीच्या मुलांना ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा शिकवून झाल्यावर इथे आणावे. कललेला थर, चुरडलेला खडक, काचेचा कण, उताराने धावणारे पाणी, यांतल्या प्रत्येकापाशी मुलांना थांबवून दोनच प्रश्न विचारावेत: हे करायला लागलेली ऊर्जा कुठून आली, आणि नंतर ती कुठे गेली? उत्तरे शोधताना मुले काठावरून हलायला तयार होणार नाहीत, आणि पुढे इथला एखादा दगड हलवण्याआधी त्यांचा हात थांबेल.